झडपेमागचं कुंकू

दसरा होऊन गेला होता. लालबागच्या माझ्या दुकानात मी एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसलो होतो आणि बाजूला फोन वाजू लागला. गिरगावातल्या छापखान्याचे मालक. मी फोन पालथा घातला. वर्षभर ज्यांना माझी आठवण झाली नाही, त्यांना थोडं थांबायला काय हरकत आहे?

फोन थांबला आणि पुन्हा वाजला. पुन्हा थांबला, पुन्हा वाजला. असा पाठलाग करण्याचा त्या माणसाचा स्वभाव नाही, म्हणून शेवटी उचलला.

"अहो, जरा येऊन जाता का? सर्व्हर सारखा निळा होतोय."

"तुमची कंपनी आहे ना."

"आहे. त्यांचं चाललंय काहीतरी." मग म्हणाले, "बाईंचा दिवाळी अंक अडकलाय हो."

त्यांनी नेमका बाईंचा विषय काढला. मालक तसे पक्के आहेत. मी त्यांच्यासाठी येणार नाही आणि बाईंसाठी येईन, हे त्यांना ठाऊक होतं.

बाई दादरच्या. नवऱ्याबरोबर त्यांनी एक दिवाळी अंक सुरू केला होता. नवरा गेला, अंक राहिला. लेख मागवणं, प्रूफं तपासणं, दुकानादुकानांत जाऊन जाहिराती आणणं, सगळं त्या एकट्या करतात. जाहिरातीसाठी त्या साडीच्या दुकानदाराशी जशी घासाघीस करतात, ते एकदा मी छापखान्यात बसून फोनवर ऐकलं होतं आणि मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला होता. मी स्वतः आयुष्यभर भाव करत आलोय. गिरणीतून बाहेर पडलेल्या बापाचा मुलगा, एका कॉम्प्युटरच्या दुकानात खोकी उचलायला लागलो, तिथून इथवर आलो. कोणी काही फुकट दिलं नाही आणि मीही पहिल्या शब्दाला कधी काही घेतलं नाही.

आता मालकांवरचा माझा राग सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

ठाकूरद्वारच्या एका वाडीत तळमजल्यावर तो छापखाना आहे. घराणं जुनं, एकेकाळी वाडीच त्यांची होती. तिथला पहिला कॉम्प्युटर मी बसवला, सगळ्यांची पानं साठवणारा सर्व्हर मी उभा केला आणि पुढे कितीतरी वर्षं सांभाळला. तिथे खंडेनवमीला एक पद्धत होती. ज्याचं यंत्र त्यानेच त्याची पूजा करायची. छपाईच्या मशीनची मशीनमनने, कटिंगची कटरवाल्याने, सुया आणि टोच्याची बाइंडरने. कॉम्प्युटर आले तेव्हा प्रश्न उठला की याची पूजा कोणी करायची. मालकांचे वडील तेव्हा होते. ते म्हणाले, "ज्याला तो उघडता येतो त्याने." तेव्हापासून दर खंडेनवमीला मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लालबागहून गिरगावात जायचो. माझ्या हातची फुलं त्या सर्व्हरवर वाहिली जायची. माझ्यासारख्या माणसाला असले मान फार मिळत नाहीत. एक मिळाला होता.

मागच्या वर्षी वडील गेले आणि काही महिन्यांतच मालकांनी देखभालीचं काम माझ्याकडून काढून एका कंपनीला दिलं. गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घालणारे लोक. प्रत्यक्ष फारसे येत नाहीत, तिकडूनच इंटरनेटवरून मशीनमध्ये शिरतात. का काढलंत, असं मी विचारलं तर मालक म्हणाले, "तुम्ही फार चढ्या आवाजात बोलता हो. त्यांचे लोक शांतपणे बोलतात."

त्यानंतरची पहिली खंडेनवमी म्हणजे यंदाचीच, परवाच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, आणि तिला मला बोलावणं आलं नाही. काम गेलं त्याचं एवढं वाटलं नाही. पण त्या दिवशी मी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात बसलो होतो, आणि फोन आला नाही.

तर अशा ठिकाणी मी गेलो.

आत पाय ठेवला तेव्हा कॉम्प्युटरवर पानं लावणारी ताई सर्व्हरसमोर खुर्चीत होती. तीसुद्धा वडिलांच्या काळापासूनची. मालक तिच्या मागे, बाई भिंतीपाशी स्टुलावर, मांडीवर पिशवी घट्ट धरून. फोन स्पीकरवर होता आणि त्यातून एक मऊ आवाज येत होता.

"मॅडम, आता कंट्रोलरच्या मेनूमध्ये आलात ना? तिथे नवीन कॉन्फिगरेशनचा पर्याय दिसेल. तो सिलेक्ट करा. खात्री आहे का विचारेल, हो म्हणा."

ताईचं बोट बटणावर होतं.

"हात काढ!" मी ओरडलो. बाई दचकून उभ्या राहिल्या. "ताई, हात काढ आधी! ते हो म्हटलंस तर सगळ्या डिस्का कोऱ्या होतील."

ताईने चटका बसावा तसा हात मागे घेतला. फोनमधला आवाज म्हणाला, "सर, कोण बोलतंय? ही स्टँडर्ड प्रोसिजर आहे, सर."

"डेटा आहे त्याच्यावर. बाईंचा अख्खा अंक आहे. कॉपी आहे तुमच्याकडे?"

"सर, बॅकअप शेड्यूल्ड आहे."

"घेतलाय का?"

"सर, मी चेक करून सांगतो."

शांतपणे बोलत होता, हे खरं. मी मालकांकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते. थोड्या वेळाने त्याच शांत आवाजात कळलं की नव्या पानांच्या फोल्डरची कॉपी कधी घेतलीच जात नव्हती. गेल्या वर्षीच्या लग्नपत्रिका मात्र सुखरूप होत्या.

बाईंनी मला विचारलं, "म्हणजे काय झालं? अंक गेला?"

"गेला नाही. आत आहे. बाहेर काढता येत नाहीये."

"लेख माझ्या मेलवर आहेत. पण पानं? चित्रं बसवलेली, तिसरं प्रूफ वाचून झालेलं. पुन्हा लावायला महिना जाईल. दिवाळी झाल्यावर दिवाळी अंक कोण घेतं हो?"

मी बाहेर पाहिलं. दुकानांतून कंदील लागायला सुरुवात झाली होती.

मी मालकांना म्हटलं, "मी हात लावतो. पण एका अटीवर. हे मऊ आवाजवाले मशीनमधून बाहेर जायला हवेत. मी असेपर्यंत त्यांची वायर बंद."

"अहो, करार आहे त्यांच्याशी."

"मग करार छापा अंकात."

"भांडायला आलात का?"

"अहो, द्या ना त्यांना काय हवंय ते," बाई म्हणाल्या. त्यावर मालकांनी स्वतःच्या हाताने इंटरनेटची वायर काढून माझ्या हातात दिली. मला तेवढंच हवं होतं. खरं म्हणजे मला आणखी हवं होतं, पण ते मागायची जीभ झाली नाही.

त्या सर्व्हरचा आजार असा होता. निवांत असला की तासन्‌तास चालायचा. ताईने एखादं पान उघडलं, दोन ओळी सुधारल्या, तर कुरकुर नाही. पण अंकाची पानं दुसरीकडे उतरवायला घेतली की किती उतरलं ते दाखवणारा पडद्यावरचा काटा थोडा वेळ सरकायचा, मग अडकायचा, सगळं गोठायचं आणि निळा पडदा. त्यावर डिस्कांच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरचं नाव. म्हणजे ज्या कामाने अंक वाचला असता, नेमकं त्याच कामाने मशीन पडत होतं. आणि प्रत्येक वेळी पडून उठताना ते डिस्का तपासत बसायचं, हळूहळू, टक्के मोजत. त्या वेळात आम्ही टक्क्यांवर डोळे लावून बसायचो. बाई मात्र तिकडे पाहत नसत. पिशवीच्या बंदाला गाठ मारायच्या आणि सोडायच्या.

बाईंनी मला नीट समजावून सांगायला लावलं. मी म्हटलं, "आत चार डिस्का आहेत, त्या कामगार समजा. कंट्रोलर हा त्यांचा मुकादम. आणि वर ऑफिसातून मुकादमाला निरोप नेणारा माणूस म्हणजे ड्रायव्हर. ऑफिस सांगतं, अमुक पान आणा. निरोप्या जातो, मुकादम पान काढून देतो. आता होतंय असं की कामाची गर्दी झाली की मुकादम गप्प होतो. निरोप्या हाका मारतो, उत्तर नाही. ऑफिस वाट बघून बघून घाबरतं आणि शटर खाली ओढतं. तो निळा पडदा."

"मग मुकादम का गप्प होतो?"

"तेच शोधायचंय."

ताई म्हणाली, "दादा, पण नाव तर ड्रायव्हरचं येतंय. कंपनीवाल्यांनी तो काढून पुन्हा घातला. ताजा आहे म्हणाले."

मला हे माहीत होतं की पडद्यावर ज्याचं नाव येतं तो गुन्हेगार असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो फक्त प्रेताजवळ सापडलेला असतो. ड्रायव्हर एका दिवसात बिघडत नाही. जुनं झालेलं कार्ड बिघडतं, केबल सैल होते, डिस्क मरायला टेकते. म्हणून मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"मालक, नीट आठवून सांगा. हे सुरू व्हायच्या आधी काय बदललं? काही नवं बसवलं? काही उघडलं? कोणी काही हलवलं?"

"काही नाही."

"ताई?"

"काहीच नाही, दादा. जसं होतं तसंच."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवल्यावर हिशेब सोपा होता. मशीन बंद करून चालू केल्याशिवाय ड्रायव्हर बदलत नाही. हे मशीन बंद होत नसे. म्हणजे ड्रायव्हर तोच. म्हणजे दोष लोखंडाचा.

केबल काढून पुसून बसवली. मेमरी बदलून पाहिली. पंखा साफ केला. प्रत्येक वेळी भिंतीवरचं बटण बंद आणि चालू. वीज आली की मशीन आपणहून उठावं अशी सोय मीच पूर्वी करून ठेवली होती, त्यामुळे पुढच्या झडपेआडच्या बटणाला हात लावायची कधी गरज पडत नसे. प्रत्येक वेळी ताईने पानं उतरवायला घ्यायची, काटा सरकायचा आणि पुन्हा अडकायचा. मी माणसांना घाबरत नाही. पण त्या सरकणाऱ्या काट्याला घाबरायचो. तो अडकला की मालक खुर्चीतून उठून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

एकदा ताईने युक्ती केली, सगळी पानं एकदम न घेता एकेक काढायला लागली. थोडी आली. संपादकीय आलं, अनुक्रमणिका आली. बाईंचा चेहरा जरा उजळला. मग एका लांबलचक कथेपाशी, जिच्या पानापानांवर चित्रं होती, मशीन पुन्हा पडलं. या वेळी उठल्यावर ती कथा उघडेना. फाइल होती, आत काही नव्हतं.

बाई म्हणाल्या, "राहू दे. आता हात नका लावू. सगळंच जाईल." त्यांच्या नवऱ्याचा एक जुना लेख अंकात पुन्हा छापायचा होता, तो त्या कथेच्या पुढेच होता. हे त्यांनी नाही, ताईने मला सांगितलं, नंतर, पाण्याच्या पिंपाजवळ.

मी ठरवलं, कंट्रोलरचं कार्ड, म्हणजे मुकादमच बदलायचा. तेच मॉडेल हवं. असली जुनी कार्डं लॅमिंग्टन रोडला मिळाली तर मिळतात. ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. तो मोडीत निघालेल्या ऑफिसांचा माल घेतो. त्याच्या पोटमाळ्यावर काय नाही?

मी सहज म्हणून उभा राहिलो, एक माउस हातात घेतला, परत ठेवला. गरज दाखवली की मेलो. पण तो माझ्याहून मुरलेला.

"काय पाहिजे ते बोल ना शेठ. माउस घ्यायला तू इथपर्यंत येणार नाय."

"एक जुनं कंट्रोलर कार्ड होतं तुझ्याकडे. कचऱ्यात पडलंय की दिलंस कोणाला?"

"कचऱ्यात? शोकेसमध्ये ठेवायची चीज आहे ती. पूर्ण मार्केटमध्ये एकच पीस."

"कारण दुसऱ्या कोणाला नकोय म्हणून."

"तुला पायजे ना? मग झालं. एक गिऱ्हाईक बस."

किमतीवर आमचं एका दमात जमलं, हे पाहून तोच चपापला. मी ज्यासाठी भांडत होतो ते वेगळंच होतं. "चाललं नाही तर परत घेशील."

"इलेक्ट्रॉनिक माल परत नाय, बोर्ड वाच."

"बोर्ड तुझा तूच लिहिलायस ना? मग तूच मोड."

"अरे, तुझ्याकडे जाऊन जळलं तर?"

"माझ्या हातात आजवर काही जळलंय?"

"तुझ्या हातात नाय. तुझ्या डोक्यात रोज जळतं." असं म्हणून हसला आणि कार्ड काढून दिलं. परत घेईन असं तोंडाने म्हणाला नाही, पण मान हलवली. तेवढी मान मला पुरते.

कार्ड बसवलं. डिस्कांनी नव्या मुकादमाला ओळखलं की नाही, या विचाराने मी पडद्याला नाक लावून बसलो होतो. ओळखलं. मशीन उठलं. फोल्डर दिसले. ताईने बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. "करा," मी म्हटलं. काटा सरकला. पूर्वी जिथे अडकायचा त्याच्या पुढे गेला. मालकांनी हळूच खुर्चीला टेकून श्वास सोडला, आणि पडदा निळा झाला. तेच नाव.

मी तिथल्या टेबलावर मूठ आपटली. कटिंगजवळ उभा असलेला माणूस वळून पाहायला लागला. मालक म्हणाले, "ओरडून मशीन चालणार आहे का?" आणि मी त्यांना असं काही बोललो की ते इथे लिहिता येणार नाही. बाईंनी स्टूल मागे सरकवलं. मला वाटलं आता या जाणार. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "भांडून झालं असेल तर पुढे काय ते सांगा."

पुढे फक्त डिस्का उरल्या होत्या. चारांपैकी एखादी मरायला टेकली असेल तर तिचा दिवा सांगेल. तो पाहायला मी पुढची झडप उघडली.

झडपेच्या आत चार डिस्का एकाखाली एक, आणि त्यांच्या वर मशीन चालू-बंद करायचं बटण. त्या बटणावर कुंकवाचा टिळा होता. नीट, मध्यभागी, अंगठ्याने ओढलेला. वर हळदीचा ठिपका आणि फटीत अडकलेला तांदळाचा एक दाणा.

मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. पूजेचं कुंकू मशीनच्या माथ्यावर लावतात, मीही तिथेच लावायचो. झडप उघडून बटणाला टिळा कोण लावेल? ज्याने ते बटण दाबलं तोच.

"मालक, हे बंद केलं होतं तुम्ही?"

"कधी?"

"खंडेनवमीला."

"हो, मग? खंडेनवमीला यंत्रं बंदच ठेवायची असतात. त्यांचा विश्रांतीचा दिवस. सगळी बंद केली. दसऱ्याला टिळा लावून चालू केली."

"मी विचारलं होतं ना, काय बदललं म्हणून!"

"त्यात बदललं काय? ते दर वर्षीचंच आहे."

ताई हळू आवाजात म्हणाली, "दादा, दर वर्षी याला आपण बंद नव्हतो करत."

खरंच नव्हतो. मी पूजा करायचो तेव्हा बाकी सगळी यंत्रं गप्प असायची आणि हे एक चालू असायचं. मालकांच्या वडिलांना मी सांगितलं होतं की हे म्हातारं मशीन आहे, झोपवलं तर उठताना कसं उठेल सांगता येत नाही. त्यांनी क्षणभर विचार करून "मग जागतंच राहू दे," म्हटलं होतं. झडपेवर मी एक चिठ्ठी चिकटवली होती. मोठ्या अक्षरांत. बंद करू नये.

"चिठ्ठी कुठे गेली?"

"कंपनीवाल्यांनी काढली," मालक म्हणाले. "बरी दिसत नव्हती."

आता सगळं जागेवर आलं. कंपनीने हातात घेतल्या घेतल्या मशीनला सॉफ्टवेअरचे सगळे बदल आपोआप घ्यायची मुभा दिली होती. मी ती बंद ठेवलेली होती. त्यातच कंट्रोलरचा नवा ड्रायव्हर उतरला आणि रांगेत बसून राहिला, मशीन बंद होण्याची वाट पाहत. मशीन बंद होईना, म्हणून वर्षभर काही बिघडलं नाही. खंडेनवमीला त्याला विश्रांती दिली गेली आणि दसऱ्याला उठलं ते नवा निरोप्या घेऊन. हा नवा निरोप्या तरुण, एका वेळी ढीगभर निरोप घेऊन धावणारा. मुकादम जुना, एक झाला की दुसरा घेणारा. थोडं काम असलं की जमायचं. गर्दी झाली की मुकादमाची बोबडी वळायची. मी मुकादम बदलून पाहिला, पण दुसराही त्याच वयाचा. आणि कंपनीचे लोक तोच नवा निरोप्या हाकलून परत तोच आणत होते. त्या नादात जुन्याचा मशीनमधला पत्ताही पुसला गेला होता.

"जुना कुठे मिळेल?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे असेल."

असेल म्हणालो, आहे म्हणालो नाही. मी काही फेकत नाही. पण दुकानाच्या माळ्यावर काय कुठे आहे हे देवाला ठाऊक. टॅक्सीत बसून लालबागला निघालो तर भायखळ्याला गर्दीत अडकलो. शेजारी फुलांचा टेम्पो उभा, पुढे बस, आणि मी त्या टॅक्सीवाल्यावर उगाच खेकसत होतो. "साहेब, उडवू का गाडी?" तो म्हणाला. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. मनात एकच चाललं होतं, की या उन्हाळ्यात बायकोने माळा आवरायला लावला होता, तेव्हा मी काय काय भंगारवाल्याला दिलं?

माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ती सीडी मिळाली. तिच्या मागच्या बाजूला ओरखडे होते. दुकानातल्या मशीनने ती दोनदा बाहेर फेकली. मी शर्टाच्या टोकाने पुसली, तोंडाची वाफ दिली, पुन्हा घातली. घरघर, घरघर, आणि मग आतलं फोल्डर उघडलं. मी ते पेनड्राइव्हवर घेतलं, मग दुसऱ्यावर, आणि एक स्वतःला मेलही केलं.

परत आलो तेव्हा कोणी जागचं हललं नव्हतं. बाईंनी चहा घेतला नव्हता, त्यावर साय धरली होती.

जुना ड्रायव्हर घालताना मशीन विचारतं, हा जुना आहे, याच्यापेक्षा नवा आधीच आत आहे, खात्री आहे का. खात्री नव्हती. मी हो म्हटलं. बंद केलं, आणि चालू होताना पहिल्या पडद्यानंतर काळोख झाला. एरवी होतो त्याहून लांब. मालक हातातली अंगठी फिरवत होते. मला एकदम वाटलं, गेलं. आता बाईंकडे बघायचं कसं? मग पंख्याचा आवाज बदलला आणि चित्र आलं.

ताईने पानं उतरवायला घेतली. काटा अडकायच्या जागी आला तेव्हा मी डोळे मिटले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ताई मोठ्याने पानांची नावं वाचत होती, जशी येतील तशी. कविता. परीक्षण. व्यंगचित्रं. जाहिरात, जाहिरात. मग तिने बाईंच्या नवऱ्याच्या लेखाचं नाव वाचलं आणि क्षणभर थांबली. बाई म्हणाल्या, "वाच पुढे." शेवटचं पान आलं तेव्हा कोणी आनंदाने ओरडलं वगैरे नाही. मी म्हटलं, "आता दुसरी कॉपी. वेगळ्या डिस्कवर." आणि पुन्हा आम्ही सगळे काट्याकडे बघत बसलो.

पोकळ झालेली ती एक कथा मात्र परत आली नाही. ताईने ती मेलवरच्या मजकुरावरून नव्याने लावली, बाईंनी शेजारी बसून प्रूफ वाचलं. प्लेटा निघाल्या, छपाई सुरू झाली, आणि अंक कंदिलांच्या गर्दीत का होईना, दादरच्या स्टॉलवर लागला.

पानं उतरली त्या दिवशी मालक मला दारापर्यंत सोडायला आले. मला वाटलं आता काही तरी म्हणतील. म्हणाले, "बंद करायचं नाही हे जाताना सांगून जायचं होतंत."

मी चिठ्ठीचं पुन्हा काही बोललो नाही. बोललो असतो तर सगळ्या वाडीने ऐकलं असतं. फक्त आत परत गेलो, ताईकडून कागद आणि मार्कर घेतला, बंद करू नये असं लिहिलं आणि झडपेला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. ताई म्हणाली, "दादा, आता झडप उघडणार कशी?" मी म्हटलं, "उघडायचीच नाही."

बाईंनी अंक स्वतः दुकानात आणून दिला. आत त्या कंपनीची पानभर रंगीत जाहिरात होती, चोवीस तास निश्चिंत राहा म्हणून. "घासून घासून मिळवली," बाई म्हणाल्या. "त्यांना नाही म्हणायला तोंड नव्हतं." यावर मी रागावणार होतो, पण हसायला आलं.

काम मालकांनी परत माझ्याकडे दिलं. मी लगेच हो म्हटलं नाही. ताणलं, अटी घातल्या, त्यांनीही घातल्या. आवाज चढवायचा नाही ही त्यांची पहिली अट. मी म्हटलं, बघू.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फोन आला. तो पहिल्या घंटेला उचलला.

"उद्या सकाळी पूजा आहे. याल ना?"

"मशीन चालू राहील."

"अहो, सगळी यंत्रं बंद आणि ते एकटंच चालू? मशीनमन विचारतो, त्याच्या यंत्राला विश्रांती आणि तुमच्या यंत्राला का नाही?"

"मग मी येत नाही."

"ताणू नका हो." त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मग मीच म्हटलं, "असं करू. पडदा बंद ठेवू. काळा दिसला की लोकांचं समाधान."

"चालेल," मालक म्हणाले, इतक्या पटकन की आणखी काही मागायला हवं होतं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी छापखाना धुऊन स्वच्छ केलेला होता, यंत्रांवर झेंडूच्या माळा. मी सर्व्हरच्या माथ्यावर कुंकू लावलं, फूल ठेवलं. मशीनमन मागून म्हणाला, "झोपलं का तुमचं पण?" मी म्हटलं, "झोपलं." आणि आरती संपेपर्यंत नमस्कार केल्यासारखा हात त्याच्या पत्र्यावर ठेवून उभा राहिलो. आत पंखा फिरत होता, ते हाताला कळत होतं. टाळ्यांच्या आवाजात तो कानाला ऐकू येत नव्हता, म्हणून हात काढला नाही.